नाव सारखे, रुग्ण वेगळा

मारुंजीत राहणाऱ्या एखाद्या कुटुंबाच्या प्रकृतीचा हिशेब किती ठिकाणी लिहिलेला असतो, ते एकदा मोजून पाहावे. कंपनीच्या वार्षिक तपासणीचा अहवाल हिंजवडीतल्या ऑफिसच्या मेलवर. तापाच्या औषधाची चिठ्ठी सोसायटीसमोरच्या दवाखान्याची. आईच्या गुडघ्याचा एक्स-रे औंधच्या जिल्हा रुग्णालयातला, वडिलांच्या हृदयविकाराची फाइल पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयातली. बाळाच्या पहिल्या लसी माहेरी, म्हणजे लातूर नाहीतर अमरावती जिल्ह्यात टोचलेल्या. प्रत्येक ठिकाणचे रजिस्टर वेगळे, केस पेपरचा क्रमांक वेगळा आणि नाव लिहिण्याची तऱ्हाही वेगळी.

या नोंदी आपापल्या कपाटात होत्या तोवर फारसे अडत नव्हते. आता त्या एकमेकींना जोडल्या जात आहेत. १५ ऑगस्ट २०२० रोजी घोषणा झालेले आणि २७ सप्टेंबर २०२१ पासून देशभर सुरू झालेले आयुष्मान भारत डिजिटल मिशन त्यासाठीच आहे. रुग्ण जिथे जाईल तिथे, त्याच्या संमतीने, त्याच्या जुन्या नोंदी डॉक्टरांना दिसाव्यात, ही त्यामागची कल्पना. ती चांगली आहे. बेशुद्ध अवस्थेत आणलेल्या माणसाला पेनिसिलीनची अॅलर्जी आहे हे वेळेवर कळले, तर जीव वाचतो.

मात्र दोन ठिकाणची माहिती एकत्र करताना पहिली ठेच नावांना लागते. ती दोन प्रकारची असते. कधी नाव एकच पण गोष्टी दोन. कधी गोष्ट एकच पण नावे दोन. संगणकाला यातले काहीच आपोआप कळत नाही. तो अक्षरे जुळतात का एवढेच पाहतो. जुळली की दोघांना एक करतो, न जुळली की एकाला दोन करतो.

दोन माण, तीन पिंपळे

मारुंजीच्या शेजारी माण नावाचे गाव आहे, तालुका मुळशी. सातारा जिल्ह्यात माण नावाचा अख्खा तालुका आहे, मुख्यालय दहिवडी. जवळचेच नेरे घ्या. एक नेरे मुळशीत, एक भोर तालुक्यात, एक पनवेल तालुक्यात. इंग्रजी आद्याक्षरांनी लिहिलेली 'पीएमसी' पुण्याची महापालिका असू शकते आणि पनवेलचीही. उलट हिंजवडी हे गाव एकच. पण कागदोपत्री हिंजवडी, हिंजेवाडी, हिंजवाडी अशा तिन्ही रूपांत भेटते. मारुंजीच्या इंग्रजी स्पेलिंगचा शेवटही कधी 'आय'ने होतो, कधी 'ई'ने.

टपालाच्या बाबतीत हा गोंधळ फार तर पत्र उशिरा पोचवतो. साथीच्या वेळी त्याची किंमत वाढते. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात गिया-बारे सिंड्रोमचे रुग्ण अचानक वाढले. या आजारात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच मज्जातंतूंवर हल्ला करते, हातापायांतली शक्ती जाते, काहींना व्हेंटिलेटर लागतो. पुढे रुग्णांचा आकडा दोनशेच्या वर गेला. सिंहगड रस्त्यावरील नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात रुग्ण जास्त होते, म्हणून तिथल्या पाण्याकडे लक्ष गेले. आता विचार करा, एखाद्या रुग्णालयाने पत्त्याच्या रकान्यात नुसतेच 'नांदेड' लिहिले, तर तो रुग्ण सिंहगड रस्त्यावरचा की मराठवाड्यातला? पुण्याच्या रुग्णालयांत दोन्हीकडचे रुग्ण येतात. राज्याच्या दैनंदिन अहवालात पुणे महापालिका, महापालिकेत नव्याने आलेली गावे, पिंपरी-चिंचवड, पुणे ग्रामीण आणि इतर जिल्हे असे रुग्ण वेगळे दाखवले जात होते, ते याचसाठी. पत्ता चुकला की चुकीच्या विहिरीचे पाणी तपासले जाते.

करोनाकाळातही राज्याच्या पत्रकांखाली बारीक अक्षरात खुलासा असे: दुहेरी नोंदी वगळल्या, पत्त्यानुसार रुग्ण दुसऱ्या जिल्ह्यात दाखवले, म्हणून आकड्यांत बदल झाला. जून २०२० मध्ये असा ताळमेळ घालताना आधी न मोजलेले १,३२८ मृत्यू राज्याच्या आकड्यात एकाच दिवशी वाढले. लोकांनी त्यामागे लपवाछपवी पाहिली. अनेक रुग्णालये, अनेक प्रयोगशाळा आणि अनेक याद्या जुळवण्याच्या कामाचाही त्यात मोठा वाटा होता.

गंमत अशी, की या दुखण्यावरचा उपाय आपल्या गावांच्या नावांतच आहे. पिंपरी-चिंचवडमध्ये नुसते 'पिंपळे' कुणी म्हणत नाही. पिंपळे गुरव, पिंपळे सौदागर, पिंपळे निलख असेच म्हणावे लागते. वडगाव म्हटले की मावळ, शेरी, बुद्रुक की खुर्द, हा पुढचा प्रश्न ठरलेला. नाव एकटे पाठवायचे नाही, ते कुठले आणि कुणाचे हे त्याच्यासोबत पाठवायचे. माहिती जोडणारे अभियंते हेच तत्त्व वापरतात. हिंजवडीत बँका आणि विमा कंपन्यांची माहिती जोडणाऱ्या अनेकांचे रोजचे काम हेच आहे.

एक जूनचे वाढदिवस

माणसांच्या नावांचा गुंता गावांपेक्षा मोठा आहे. मराठी माणूस स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव असे लिहितो. मारुंजीत भाड्याने राहणारा तमिळ अभियंता आडनाव लावेलच असे नाही. वडिलांच्या नावाचे एक आद्याक्षर आणि स्वतःचे नाव, संपले. पण नोंदणीच्या फॉर्ममध्ये आडनाव सक्तीचे असते. मग एक कर्मचारी आद्याक्षर आडनावात घालतो, दुसरा तिथे टिंब देतो, तिसरा वडिलांचे पूर्ण नाव विचारून लिहितो. एकाच माणसाच्या तीन फायली तयार होतात. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांचे तर विचारूच नका. माहेरच्या नावावर रक्तगट, सासरच्या नावावर बाळंतपण.

'ज्ञानेश्वर' हे नाव इंग्रजीत 'डी'पासून लिहिणारे आहेत, 'जी'पासून लिहिणारे आहेत आणि 'जे'पासून लिहिणारेही आहेत. उच्चाराने सारखी नावे शोधण्याची साउंडेक्स नावाची जुनी रीत आहे. तिचे अमेरिकी पेटंट १९१८ सालचे. तिच्यात नावाचे पहिले अक्षर तसेच ठेवतात आणि पुढच्या व्यंजनांना अंक देतात. पहिलेच अक्षर वेगळे असेल तर तिच्या लेखी माणूसच वेगळा. म्हणजे आपल्या ज्ञानेश्वरांपुढे तिची मात्रा चालत नाही.

देवनागरीत लिहिले म्हणजे प्रश्न मिटला, असेही नाही. आळंदी-चाकणच्या बाजूला कुऱ्हाडे हे आडनाव सर्रास आढळते. त्यातला अर्धा 'र' संगणकावर दोन तऱ्हांनी टंकता येतो. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात, पण संगणकाच्या पोटात त्यांचे संकेतांक वेगळे असतात. खिडकीवरचा कर्मचारी अचूक नाव टाकून शोधतो आणि उत्तर येते, 'नोंद सापडली नाही'. तो नवी फाइल उघडतो. जुन्या फाइलमधली अॅलर्जी जुन्या फाइलमध्येच राहते.

जन्मतारीख जोडीला घ्यावी, तर तिथे वेगळीच अडचण. शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेली १ जून ही महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीची जन्मतारीख आहे. सारखे नाव, सारखे आडनाव आणि दोघांचाही वाढदिवस १ जून, ही आपल्याकडे अशक्य गोष्ट नाही. मोबाइल क्रमांकावर विसंबावे, तर घरातल्या पाचही जणांच्या केस पेपरवर एकाच मुलाचा क्रमांक असतो. शिवाय बंद झालेला क्रमांक किमान ९० दिवसांनी दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. एका मोबाइलवरून एक माणूस ओळखायला गेले, की आजोबांची रक्त पातळ करणारी गोळी नातवाच्या यादीत जाऊन बसते.

यातली कोणती चूक अधिक वाईट? एकाच माणसाच्या दोन फायली झाल्या, तर माहिती अपुरी पडते, तपासण्या पुन्हा कराव्या लागतात. दोन माणसांची एक फाइल झाली, तर मात्र डॉक्टरांसमोर पूर्ण दिसणारी, पण खोटी माहिती येते. चुकीचा रक्तगट, चुकीचे औषध, दुसऱ्याचाच कर्करोगाचा अहवाल. आणि एकदा मिसळलेल्या नोंदी पुन्हा वेगळ्या करणे फार किचकट असते. म्हणून संशयास्पद जुळणी संगणकाने स्वतः उरकू नये, ती माणसाच्या नजरेखालून जावी, हा नियम कुठल्याही रुग्णालयाने सोडता कामा नये. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये रुग्णसुरक्षेचे नऊ उपाय सांगितले. त्यांतला पहिला सारख्या दिसणाऱ्या आणि सारख्या ऐकू येणाऱ्या औषधांच्या नावांबद्दल होता, दुसरा रुग्णाची ओळख पटवण्याबद्दल.

'७' म्हणजे किती?

रुग्ण बरोबर ओळखला, तरी अहवालातल्या रकान्यांची नावे उरतातच. महाराष्ट्रातल्या केस पेपरवर 'बीएसएल' म्हणजे रक्तातली साखर. पुण्यातल्याच राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत 'बीएसएल' म्हणजे प्रयोगशाळेच्या जैवसुरक्षेची पातळी. 'आरटीए' हा अपघात विभागात रस्त्यावरचा अपघात असतो आणि मूत्रपिंड विभागात मूत्रनलिकांचा आजार. ज्या त्या विभागात कुणाचा गोंधळ होत नाही. गोंधळ होतो तो दोन विभागांच्या याद्या एकत्र ओतल्यावर.

एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. जुन्या डीबेस पद्धतीच्या फायलींत रकान्याच्या नावाला जास्तीत जास्त दहा अक्षरांची जागा असते. हिमोग्लोबिन हा शब्द अमेरिकी इंग्रजी स्पेलिंगमध्ये बरोबर दहा अक्षरांचा आहे. त्यामुळे 'हिमोग्लोबिन' आणि 'हिमोग्लोबिन ए१सी' या दोन रकान्यांची नावे अशा फाइलमध्ये उतरवली, की दुसऱ्याचे शेपूट कापले जाते आणि दोन्ही नावे एकच होतात. पहिली तपासणी रक्त किती आहे ते सांगते, दुसरी मागच्या दोन-तीन महिन्यांत साखर किती आटोक्यात होती ते सांगते. ए१सी ७ टक्के असेल तर बऱ्याच मधुमेही रुग्णांना डॉक्टर शाबासकी देतात. हिमोग्लोबिन ७ असेल तर रक्त चढवावे का, याचा विचार सुरू होतो. आकडा तोच, ७.

दोन याद्यांत एकाच नावाचे रकाने आले, तर काही संगणक-प्रणाली त्यांच्यापुढे 'एक्स' आणि 'वाय' अशी शेपटे लावतात. काही ठिकाणी नंतर आलेला रकाना आधीच्याला गुपचूप पुसून टाकतो. शेपूट लागले तर निदान शंका तरी येते. पुसले गेले तर कुणाला पत्ताही लागत नाही.

'तारीख' हा त्यातला सर्वांत फसवा रकाना. लक्षणे सुरू झाल्याची तारीख, दाखल झाल्याची, नमुना घेतल्याची, अहवाल आल्याची. सगळ्या नुसत्या 'तारीख' या नावाने येतात. गिया-बारेमध्ये पोटाच्या संसर्गानंतर साधारण एक ते तीन आठवड्यांनी अशक्तपणा सुरू होतो. कोणत्या दिवसाच्या पाण्याकडे संशयाने पाहायचे, हे अशक्तपणा कधी सुरू झाला त्यावर ठरते, अहवालाच्या तारखेवर नाही.

परदेशात काही वर्षे राहून आलेल्यांच्या फाइलमध्ये एककांचा घोळ असतो. ब्रिटनमध्ये रक्तातली साखर मिलिमोलमध्ये सांगतात. तिथली ७ म्हणजे आपल्याकडची १२६. हा फरक निदान डोळ्यांत भरतो. ड जीवनसत्त्वाचा मात्र भरत नाही. तिथल्या अहवालात ५० नॅनोमोल प्रति लिटर असेल, तर आपल्याकडच्या एककात ते २० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर होते. आपल्या बहुतेक प्रयोगशाळा ३०च्या वरचा आकडा पुरेसा मानतात. एकक गळून नुसते ५० उरले, तर कमतरतेच्या काठावरचा माणूस ठणठणीत ठरतो.

औषधांच्या ब्रँड नावांतही हेच. मलेरियावरील 'फाल्सिगो' आणि 'फाल्सिटॅब' या नावांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. २००१ च्या निकालात न्यायालयाने म्हटले, की औषधांच्या बाबतीत नावांचे साम्य इतर मालापेक्षा अधिक कडकपणे तपासले पाहिजे, कारण इथे गोंधळ जिवावर बेतू शकतो. पुढे २०१९ मध्ये नव्या ब्रँड नावामुळे गोंधळ होणार नाही, असे हमीपत्र उत्पादकाने देण्याची तरतूद नियमांत आली. तरीही दोन रुग्णालयांच्या औषधयाद्या जोडताना खात्रीचे नाव एकच, घटक औषधाचे.

नावाला क्रमांकाचा आधार

यावर जगाने शोधलेला उपाय म्हणजे नावाशेजारी एक निश्चित संकेतांक ठेवणे. अमेरिकेतील इंडियानापोलिसच्या रेगेनस्ट्रीफ संस्थेत १९९४ मध्ये 'लॉइन्क' ही प्रयोगशाळा-तपासण्यांची संकेतयादी सुरू झाली. तिच्यात रक्तातल्या ग्लुकोजच्या नेहमीच्या तपासणीला २३४५-७ हा क्रमांक आहे, उपाशीपोटी केलेल्या तपासणीला १५५८-६, आणि मिलिमोलच्या एककात मोजलेल्या ग्लुकोजला आणखी वेगळा. मग प्रयोगशाळा तिला शुगर म्हणो, बीएसएल म्हणो की ग्लुकोज. क्रमांक खरे काय ते सांगतो. आजारांसाठी अशीच 'स्नोमेड सीटी' ही यादी आहे. भारत २०१४ मध्ये तिचा सदस्य झाला, त्यामुळे देशात ती विनामूल्य वापरता येते. हे काम पाहणारे राष्ट्रीय केंद्र पुण्यातच, सी-डॅकमध्ये आहे. गावांसाठी केंद्र सरकारच्या स्थानिक शासन निर्देशिकेत प्रत्येक गावाला स्वतंत्र संकेतांक आहे. त्यात मुळशीचे नेरे आणि भोरचे नेरे एकमेकांत मिसळत नाहीत.

रुग्णाच्या क्रमांकाबाबत डिजिटल मिशनने स्वीकारलेल्या 'फायर' या मानकाची शिस्त साधी आहे. क्रमांक कधीच एकटा लिहायचा नाही. तो कुणी दिला हे त्याच्यासोबत लिहायचे. केस पेपर क्रमांक १०२४ शेकडो रुग्णालयांत असेल. 'अमुक रुग्णालयाचा १०२४' मात्र एकच. पुन्हा तेच, पिंपळे गुरव आणि पिंपळे सौदागर.

केवळ संकेतांकांनी सगळे सुटते, असेही नाही. २०२० मध्ये मानवी जनुकांची नावे ठरवणाऱ्या समितीला काही नावे बदलावी लागली. 'मार्च१', 'सेप्ट१' अशी नावे एक्सेलमध्ये टाकली, की एक्सेल त्यांचे १ मार्च आणि १ सप्टेंबर करून टाकत असे. २०१६ मधील एका पाहणीत, जनुकांच्या एक्सेल याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एकपंचमांशांत अशा चुका सापडल्या. शेवटी 'मार्चएफ१' आणि 'सेप्टिन१' अशी नवी नावे आली. यंत्र बदलण्यापेक्षा नाव बदलणे सोपे ठरले. म्हणूनच माहिती एकत्र करण्याआधी प्रत्येक रकान्याचा अर्थ, एकक आणि उगम लिहून ठेवणे, आणि जोडल्यावरही मूळ नोंद जशीच्या तशी जपणे, याला पर्याय नाही. मूळ नोंद असेल तर चूक सापडते आणि दुरुस्तही होते.

आपण काय करावे?

हे सारे काम संगणकवाल्यांचे आणि रुग्णालयांचे असले, तरी पहिली नोंद रुग्णाच्या तोंडूनच होते. त्यामुळे काही गोष्टी प्रत्येकाने सांभाळाव्यात.

• सर्व ठिकाणी नाव एकाच क्रमाने आणि एकाच स्पेलिंगने सांगावे. आधार कार्डावरचे स्पेलिंग धरले तर सोपे जाते. लग्नानंतर नाव बदलले असेल, तर पूर्वीचे नावही आवर्जून नोंदवावे.

• १४ अंकी 'आभा' क्रमांक ऐच्छिक आहे. काढला असेल तर घरातल्या प्रत्येकाचा स्वतंत्र असावा आणि नोंदणीच्या वेळी तो दाखवावा. एकाच्या क्रमांकावर दुसऱ्याचा केस पेपर काढू नये, घाई असली तरी.

• पत्त्यात गावाबरोबर तालुका आणि जिल्हा सांगावा. 'माण' नव्हे, 'माण, तालुका मुळशी, जिल्हा पुणे'.

• कर्मचाऱ्याने 'तुम्हीच अमुक ना?' असे विचारले, तर नुसती मान हलवू नये. पूर्ण नाव आणि जन्मतारीख स्वतःच्या तोंडाने सांगावी. रक्त घेताना, रक्त चढवताना आणि शस्त्रक्रियेआधी तर नक्कीच.

• अहवाल हातात आला की आकड्याआधी नाव, वय, लिंग आणि नमुना घेतल्याची तारीख वाचावी. जुना अहवाल दाखवताना पूर्ण पान दाखवावे. नुसत्या आकड्याचा फोटो पाठवला, की एकक आणि नाव दोन्ही गळतात.

• औषधांची यादी घटक औषधाच्या नावानिशी आणि मात्रेसह ठेवावी. अॅलर्जी असेल तर ती प्रत्येक नव्या ठिकाणी पुन्हा सांगावी. संगणकात असेलच, असे गृहीत धरू नये.

• मोबाइलवर आलेल्या नोंदीत न केलेली तपासणी किंवा न घेतलेले औषध दिसले, तर 'चुकून आले असेल' म्हणून सोडून देऊ नये. ती नोंद कुणाची तरी असते. तिथे ज्याची ती आहे, त्याच्या फाइलमध्ये ती नसण्याची शक्यता असते. रुग्णालयाला कळवले, तर एकाच वेळी दोन रुग्णांच्या नोंदी दुरुस्त होतात.